चालून आलेली घोंगडी

आबा, पोरीला अजून नाव नाही. घरात कुणी छकुली म्हणतं, कुणी बाळी म्हणतं, आणि तिचा आजा तिला मालगाडी म्हणतो, कारण एकदा रडायला लागली की थांबायला फार वेळ घेते. मी आपली 'अगं ए' म्हणते. सावळीच आहे, तुमच्यासारखी, आणि कानाची पाळी तर तुमचीच उचलून लावल्यासारखी दिसते. आता मान धरते. मी चुलीपाशी गेले की डोळ्यांनी माझ्या मागं मागं येते. काल तिच्याशी बोलता बोलता तव्यावरची भाकरी कोळसा झाली, तरी माझं हसू थांबेना. पण आतून जीव थाऱ्यावर नाही. नाव ठेवायचं तर बाप घरी पाहिजे, आणि बाप आफ्रिकेला गेलाय. अजून वाटेतच आहे.

आफ्रिका म्हणजे कुठं, ते तुम्हाला कसं सांगू? तुम्ही मेंढरं घेऊन घाट उतरायचात, कोकणात जायचात, तिथं समुद्र लागायचा. त्या समुद्राच्या पलीकडं. तुमचा नातू, म्हणजे पोरीचा बाप, पुण्याच्या कारखान्यात आहे, विहिरीवर बसवायची तेलाची इंजिनं करतात तिथं. ती इंजिनं विकायला त्याला देशोदेशी पाठवतात. एकदा जाऊन आला तेव्हा वाटलं, झालं, जग बघून आला. मग वर्षातून तीनदा-चारदा व्हायला लागलं. तुम्हाला तो ठाऊकच नाही म्हणा, तुम्ही कोकणातून परत आलाच नाहीत तेव्हा पोटात होता. पण पायाला भिंगरी तुमचीच आहे.

बरं, त्याचं कौतुकही काय कमी आहे का? इथं दौंडात आमच्या रेल्वेच्या चाळीत मला कुणी नावानं ओळखत नाही, विमानवाल्याची आई म्हणतात. त्यानं आणलेला साबण मी वापरत नाही, लुगड्याच्या घडीत ठेवते. ह्यांना गजराचं घड्याळ आणलंय, ते हे रोज किल्ली देऊन स्टेशनातल्या घड्याळाशी ताडून बघतात. पण आबा, परत येतो तेव्हा तो पोरगा चिपाडासारखा झालेला असतो. तिकडं काय मटण घालतील याची खात्री नाही म्हणून अंडी, पाव आणि केळी. जायच्या आधी दंडात सुई टोचतात, ताप येतो, तसाच बोटभर फुगलेला हात घेऊन निघतो. आणि आला की भर दुपारी घोरत पडतो, आणि सगळे झोपले की हा टक्क जागा. सून घाबरली होती पहिल्यांदा. मी म्हटलं, "अगं, घाबरू नगं. आमचं आबा कोकणातनं आल्यावर पंधरवडा घरात झोपत नव्हते. आढ्याकडं बघून त्यांना घुसमटायचं, भाईर अंगणात पडायचे." तिला काय पटलं नाही. तिचं माहेर यवतचं, हायवेवरचं, त्यांना मेंढरांचं काय कळणार.

आणि त्याच्या जाण्याचं मला भ्या वाटतं, ते मी कुणाला दाखवत नाही. तुमची शिकवण आहे, जाणाऱ्याला मागून कवा येणार असं विचारायचं नाही. दिवाळी झाली की तुम्ही निघायचात. मेंढरं पुढं, घोड्यावर पालं आणि भांडी, कुत्री इकडून तिकडं, आणि खांद्यावर घोंगडी टाकून सगळ्यांत मागं तुम्ही. आई दारात, आजीला सांभाळायला तिला घरी राहावं लागायचं. मी पळत ओढ्यापर्यंत यायचे, आणि माझ्या तोंडातून निघायचंच, "आबा, कवा येणार?" झालं! तुम्ही जागच्या जागी थांबायचात. काकाला हाक मारायचात, "हाक तू म्होरं, आलो." मग तसेच माघारी घरी. दारातल्या दगडावर बसायचात. आई तांब्या द्यायची. सावकाश पाणी पिऊन व्हायचं, आणि मग माझ्यावर डोळे वटारायचे. "पोरी, किती डाव सांगितलं तुला? जाणाऱ्याला कवा इचारायचं न्हाई. आला म्हंजी आला. परत इचारलंस तर पाठ सोलीन." पाठ कधी सोलली नाहीत. पुढच्या साली मी परत विचारायचे. आई म्हणायची, हिच्या डोक्यात काही राहातच नाही.

तर नावाचं. आपल्या घरची रीत तुम्हाला मी काय सांगू, पण सुनेला सांगताना नाकी नऊ आले. बाप मेंढरांमागं असताना पोर झालं, तर बाप आल्याशिवाय नाव नाही. आणि त्यानं सोबत नेलेली घोंगडी, चालून आलेली, तीच अंथरायची, तिच्यात पोराला ठेवायचं, कपाळाला भंडारा लावायचा, आणि बापानं नाव घ्यायचं. माझा जन्म तुम्ही कोकणात असताना झाला. आई सांगायची, मी रांगायला लागले तरी बिननावाची होते, शिरूरच्या मिशनच्या बाईंनी एकदा विचारलं, मुलीचं नाव काय, तर आजी म्हणाली, "तिचं नाव कोकनातनं यायचंय." त्याच बाईंनी पुढं मला दुसरीपर्यंत शिकवलं, म्हणून आज हे चार शब्द लिहिते आहे. अक्षर वेडंवाकडं आहे, सांभाळून घ्या.

हा निघाला तेव्हा सुनेला दिवस भरत आले होते. मी तुमची घोंगडी, काकानं माघारी आणलेली, पेटीतून काढली आणि त्याच्या बॅगेत कोंबली. त्यानं काढली. मी परत कोंबली.

"आई, अगं तिथं लोक माझा कोट बघतात, बूट बघतात. आणि मी बॅग उघडली की मेंढरांचा वास!"

"मंग त्यास्नी बी कळू दे, तू कुनाचा हायेस त्ये."

"वजन होतं गं."

"तुझ्या आज्यानं खांद्यावर नेली ती घाट उतरून. तुला इमान नेतंय, तुला कसलं वजान?"

हसला आणि घेऊन गेला. महिनाभरात येतो म्हणाला होता. मी कानावर हात ठेवले, मला तारीख नको. पण महिन्याचे दोन झाले. एका गावातून दुसऱ्या गावी, तिथून साहेबाची तार की आणखी पुढं जा. तुमचंही असंच, गवत जिथं हिरवं तिथं पुढं. पण तुमची खबर तरी पायी यायची. कुणी तळेगावच्या बाजाराला आलेला माणूस सांगायचा, तुझा बाप अमक्या घाटाखाली बघितला, बरा हाय. विमानातल्या माणसाला वाटेत कोण बघणार?

मग यवतहून विहीणबाई आल्या. त्यांनी पोरीला मांडीवर घेतलं आणि सगळ्या बायकांसमोर मला म्हणाल्या, "काय हो, पोरीचं नाव विलायतेतनं पार्सलनं यायचंय व्हय? का जकात भरायची ऱ्हायलीय?" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण लागलं. आणि तेवढ्यात ह्याचं पत्र आलं, अमुक शुक्रवारी पोचतो. मी काय करून बसले सांगू? जिनं उभ्या जन्मात कुणाची यायची तारीख तोंडानं उच्चारली नाही, तिनं सबंध चाळीत शुक्रवारचं बारसं सांगितलं.

शुक्रवारच्या आदल्या दिवसापासून मला कळायला लागलं की काहीतरी आहे. आमच्या शेजारच्या गार्डाच्या बाई, शिरूरच्या मिशनातल्याच, ख्रिस्ती, रोज दुपारी पेपर घेऊन येतात आणि मला मोठ्यानं वाचून दाखवतात. त्या दिवशी आल्या, पण पेपराशिवाय. मी विचारलं, तर म्हणाल्या, "अहो, आज आमच्या साहेबांनी नेला, भाकरी बांधायला." त्यांच्याकडं डबा आहे पितळेचा, चांगला तीन पुडांचा, मी रोज बघते. त्या नुसता माझा हात धरून बसल्या. मी ओळखलं, कुठंतरी विमान पडलं होतं आबा. कुठलं, कुणाचं, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना सांगावं लागलं असतं.

शुक्रवार आला. पाळणा बांधला, घुगऱ्या शिजत घातल्या, बायका जमल्या. हे सकाळपासून स्टेशनात. मुंबईकडून येणारी प्रत्येक गाडी बघून घरी यायचे, पाणी प्यायचे, परत जायचे. ऊन कलायला लागलं तशी विहीणबाईंचा आवाज बदलला, आता टोमणा नव्हता त्यात. म्हणाल्या, "ताई, बायका खोळंबल्यात. आत्याला कानात कुर्र करू द्या, नाव ठेवून घेऊ. जावई आल्यावर पुन्हा हौस करा." सुनेनं माझ्याकडं बघितलं. तिचीही तीच इच्छा दिसली. मी म्हटलं, "न्हाई." नुसतं न्हाई. त्यांना वाटलं म्हातारी रीतीला हटून बसली. रीत कसली हो आबा. त्याच्यावाचून नाव ठेवलं असतं, तर तो येणार नाही हे मी माझ्या तोंडानं कबूल केल्यासारखं झालं असतं.

आणि तेव्हाच तारवाला दारात. मी तार हातात घेतलीच नाही, घुगऱ्या ढवळत राहिले. गार्डाच्या बाईंनी फोडली, ओठ हलवत वाचली, आणि एकदम मटकन खाली बसल्या. माझ्या हातातलं उलथनं पडलं. तर त्या हसत होत्या, रडत हसत होत्या. "बरा हाय वो तुमचा! इमान बिघडलंय, एडनात आडकलाय. बरा हाय!" मग आम्ही बिननावाच्या बारशाच्या घुगऱ्या वाटल्या. त्याला आता आठवडा होत आला. तो अजून आलेला नाही. तार आली तेव्हा बरा होता, पण त्यानंतर त्याला परत विमानातच बसायचंय की नाही?

इथवर लिहून ठेवलं होतं. आज पुढचं लिहिते, शाई बदललीय, चालवून घ्या.

आला. न सांगता, सकाळच्या गाडीनं, दाढी वाढलेली, कोट हातावर. हे तेवढ्या एका गाडीला स्टेशनात गेले नव्हते. मी दारात सडा घालत होते. म्हटलं, "आलास?" तो म्हणाला, "आलो." एवढंच. मग बॅग उघडून आधी घोंगडी काढली. आबा, तिचा वासच गेला! म्हणाला, तिकडच्या विमानतळावर तपासणीच्या साहेबानं उलगडून बघितली, हुंगली, आणि लोकरीत किडे असतील म्हणून पंपानं औषध मारलं. "मी सांगत होतो, आजोबांची आहे. तो म्हणाला, आजोबांनाही हे औषध चालेल." हसावं की रडावं कळेना. पण चालून तर आली होती, किती लांबून आली. अंथरली. पोरीला तिच्यात ठेवलं, ती शिंकली, एकदा, दोनदा. त्यानं भंडारा लावला. तिनं त्याचं बोट धरून तोंडात घातलं, सगळं तोंड पिवळं. मग त्यानं नाव घेतलं. नाव कागदावर नको, तुम्हाला कानात सांगण्यासारखं आहे.

त्या दिवशी जेवताना म्हणाला, "आई, सोडतो ही फिरती. हापिसात बसून काम मागतो." सून खाली बघून हसली. मलाही आतून गार वाटलं. पण चार दिवसांनी बघते तर काय, अंगणात पोरीला घेऊन तिला सांगतोय, तिकडं डोंगरावर बर्फ असतो आणि खाली ऊन, आणि लोक आपलं इंजिन सुरू झालं की टाळ्या वाजवतात. तोंड असं उजळलेलं. मला ते साल आठवलं. आईनं तुम्हाला हट्टानं घरी ठेवून घेतलं होतं, आणि तुम्ही सगळा हिवाळा दारातल्या दगडावर मावळतीकडं तोंड करून बसला होतात. शेवटी आईच म्हणाली होती, जावा आता. या वेळी सुनेनंच म्हटलं, जावा आता; माझ्यापेक्षा शहाणी निघाली.

काल परत गेला. आम्ही सगळे स्टेशनात. दौंडला इंजिन पाणी घेतं, म्हणून गाडी बराच वेळ थांबते. सामान चढलं, घोंगडी बॅगेत, या वेळी त्यानं स्वतः ठेवली. तो दारात उभा. शिट्टीला अजून अवकाश होता. आणि माझ्या तोंडातून निघालं, "कवा येणार रं?" सून दचकली. हे म्हणाले, "अगं, येड लागलं का तुला? तूच सगळ्यांस्नी शिकीवतीस!" तो मात्र हसला, गाडीतून खाली उतरला, बाकावर माझ्याशेजारी बसला. मी तांब्या पुढं केला. मी घरून भरूनच आणला होता. सावकाश प्याला. तेवढा वेळ त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला होता.

हा कागद कुठं पाठवणार, दोऱ्यानं बांधून पेटीत ठेवते. पण एक सांगायचं आहे. माझ्या डोक्यात सगळं राहायचं आबा. तुम्ही सांगितलेलं मी एकदाही विसरले नव्हते. विचारलं की तुम्ही माघारी यायचात, पाणी पिऊन होईस्तोवर दगडावर बसायचात, म्हणून विचारायचे. दरसाल. मुद्दाम.

शेवटचे निघालात तेव्हा मी इथं दौंडाला होते, पोटुशी. मागून विचारायला दारात कुणी नव्हतं.