तुम्ही न केलेली सही

बाई,

तुम्ही गेल्याला एकोणीस वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदा तुम्हाला लिहायला बसले आहे. उशिराबद्दल क्षमा वगैरे मागत नाही. निबंधाला लांबलचक प्रस्तावना लावली की तुम्ही ती लाल शाईने खोडायच्यात. मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही होतात तेव्हा हिंमत झाली नाही, आणि आता तुम्ही उलट बोलू शकत नाही, त्यामुळे वेळ माझ्या सोयीची आहे. तिसरा तास मोकळा आहे, शिक्षकखोलीत कोणी नाही, तपासायच्या वह्या मी टेबलाच्या पार पलीकडे सरकवल्या आहेत.

आधी माझी हालहवाल. मी मोखाड्याकडच्या एका आश्रमशाळेत मराठी शिकवते. संस्कृत आमच्याकडे विषयच नाही, त्यामुळे तुम्ही माझ्यावर घेतलेली सगळी मेहनत आता परिपाठाच्या फळ्यावर सुविचार शुद्ध लिहिण्यापुरती उरली आहे. घर जव्हारच्या बाहेर, जामसरच्या रस्त्याला. नवरा गाडी चालवतो, दुसऱ्याची. स्वतःची होती, जव्हार-मोखाडा सीटा भरून धावणारी जीप, हप्त्यांवर घेतलेली. मग टाळेबंदी आली. जीप अंगणात उभी राहिली, कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालायला लागल्या, आणि हप्ते तेवढे थांबले नाहीत. ते भागवायला मी कर्मचाऱ्यांच्या पतपेढीतून कर्ज काढलं, ते पुरेना म्हणून सोनं गहाण ठेवलं, शेवटी जीपही विकली. जीप गेली, कर्ज राहिलं. तुम्ही आम्हाला नववीत तीन ऋणं शिकवली होतीत, देवांचं, ऋषींचं आणि पितरांचं. पतपेढीचं त्यात नव्हतं. ती तिन्ही जन्मभर फिटत नाहीत म्हणतात, पण निदान पगारातून कापून घेतली जात नाहीत.

म्हणून मोगरा. घरामागच्या मुरमाड तुकड्यात आम्ही चारशे रोपं लावली. हंगामात मी, हे आणि बारावीतली मुलगी असे तिघं उजाडायच्या आत कळ्या खुडतो. कळीच लागते, उमललेलं फूल मुंबईच्या बाजारात पोचेपर्यंत मलूल होतं आणि त्याला कोणी विचारत नाही. तुम्ही आमच्याकडून वसंतवर्णनाचे उतारे पाठ करून घ्यायच्यात. त्यात ओळीआड मल्लिका फुललेली असायची आणि तिच्या वासाने नायिका व्याकूळ व्हायच्या. त्यांतल्या एकीचीही कंबर धरल्याचा उल्लेख मला आठवत नाही. ओल्या फडक्यात कळ्या बांधून हे फाट्यावर टेम्पोत टाकून येतात, तोवर मी डबे भरते, सातची गाडी पकडते, आणि पहिल्या तासाला फळ्याकडे तोंड करून जांभई देते. मुलांना वाटतं, मॅडम विचार करताहेत. सोनं दोन वर्षांपूर्वी सुटलं. पतपेढीचे पाच हप्ते राहिले आहेत. पाचवा गेला की एका रविवारी मी दुपारपर्यंत झोपणार आहे आणि मला कोणी उठवायचं नाही, असं घरात जाहीर करून ठेवलं आहे.

पतपेढीच्या कर्जाला दोन जामीनदार लागतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. मी हप्ता चुकवला तर तो त्यांच्या पगारातून कापला जाणार. माझे जामीनदार म्हणजे गणिताचे सर आणि वसतिगृहाच्या अधीक्षिका. सही केली त्या दिवसापासून दोघांचीही माझ्यावर फार माया आहे. मला शिंक आली तरी सर म्हणतात, ‘मॅडम, डॉक्टरला दाखवा, अंगावर काढू नका.’ मागच्या दिवाळीनंतर मी नवी साडी नेसून आले, तर अधीक्षिकांनी पदर हातात घेऊन पाहिला.

‘छान आहे. कितीची?’

‘भावाने दिली.’

‘मग तर फारच छान.’

मी हसते, पण बाई, चार वर्षं दोन माणसं तुमच्या तब्येतीकडे आणि तुमच्या साडीकडे अशी बघत असली की आतून थकायला होतं. त्यांचा दोष काही नाही. त्यांनी सही केली नसती तर आम्ही उभे राहिलो नसतो.

आमच्या शाळेत स्वयंपाकाला एक मावशी आहेत. दहा वर्षं मी त्यांच्या हातचं जेवते. गेल्या आठवड्यात मुलांची पंगत उठल्यावर त्या पदराला हात पुसत माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

‘मॅडम, एक सही पायजे होती.’

‘कसली?’

‘पतपेढीची. एक हेडसरांनी दिली. दुसरी कोनाची घेऊ, तं तुमचंच तोंड डोळ्यापुढं आलं.’

त्यांचा मुलगा आणि सून दरवर्षी दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात. मालक आधी उचल देतो, मग आठ महिने ती अंगमेहनतीने फेडायची. गेल्या हंगामात सून आजारी पडली, उचल फिटली नाही, राहिलेली बाकी या वर्षावर आली. ती फेडायची तर यंदा दोन हात जास्त लागणार, म्हणून नातीलाही न्यायचं ठरलंय. नात माझ्या नववीच्या वर्गात आहे, दुसऱ्या बाकावर बसते. कर्ज मिळालं तर मालकाची बाकी एकदम टाकता येईल आणि कोणालाच जावं लागणार नाही. मुलाला इथे रस्त्याच्या कामावर घेताहेत. मुकादमाची गाडी भाऊबीज झाली की येते.

‘घरी विचारून सांगते,’ मी म्हणाले.

घरी हे गाडीमालकाची जीप धूत होते. मी सगळं सांगितलं. ह्यांनी फडकं पिळलं, पुन्हा बुडवलं, पुन्हा पिळलं.

‘हप्ता भरून मावशींच्या हातात काय उरणार?’

‘थोडंच.’

‘मग एक महिना काही दुखलं खुपलं की हप्ता आपल्या पगारातून. आणि पोरीला नर्सिंगला घालायचं पुढच्या वर्षी.’

‘म्हणजे नको?’

‘मी नको म्हणतोय का? मी फक्त विचारतोय.’

हे कधीच नको म्हणत नाहीत. फक्त विचारतात. त्याने काम भागतं.

शनिवारी मी मावशींना सांगितलं, की स्वतःचं कर्ज फिटेपर्यंत मला दुसऱ्याला जामीन राहता येत नाही, पतपेढीचा तसा नियम आहे. असा नियम नाही, बाई. मी तो तिथल्या तिथे रचला, आणि रचला तो चांगला, क्रियापद शेवटी घेऊन, कुठे अडखळले नाही.

‘बरं, मॅडम,’ मावशी म्हणाल्या, आणि माझ्या ताटात वरण वाढलं. रोजच्याइतकंच. त्यांनी कमी वाढलं असतं तर मला जरा बरं वाटलं असतं.

ते ‘बरं’ मी आधी एकदा ऐकलं होतं, तुमच्या स्वयंपाकघरात. मी दहावीत आहे. रविवारी वसतिगृहातून तुमच्याकडे येते आणि तुम्ही तांदूळ निवडता निवडता माझ्याकडून शब्द चालवून घेता. माझे वडील, आपल्याच शाळेतले शिपाई, मागच्या दाराशी येतात. चपला काढतात, पण उंबरा ओलांडत नाहीत. बहिणीचं लग्न ठरलंय, पतपेढीचं कर्ज काढायचंय, एक सही कमी पडतेय. शर्टाच्या आतून, प्लास्टिकच्या पिशवीतून ते फॉर्म काढतात. तुम्ही चष्मा लावून तो पुढून वाचता, मागून वाचता, घडी घालता आणि परत देता.

‘मी कुणाच्याच कागदावर सही करत नाही. तुमच्या नाही, माझ्या सख्ख्या भावाच्याही नाही. चहा घेऊन जा.’

‘बरं, बाई.’

ते उभ्यानेच चहा पितात, कप नळाखाली धुऊन पालथा घालतात आणि जातात. तुम्ही सूप पुन्हा मांडीवर घेता. ‘हं. सरित्. षष्ठी.’ मी म्हणते, ‘सरितस्य.’ तुम्ही मान वर करता. ‘लक्ष कुठे आहे तुझं? इतका सोपा शब्द.’

लक्ष कुठे होतं ते आज सांगते. लग्न व्हायचं ते झालंच. त्यासाठी आईने आणि भावाने भट्टीची उचल घेतली. भाऊ तेव्हा आठवीत होता. दिवाळीनंतर गेला तो पाऊस तोंडावर आल्यावर परत आला, आणि पुन्हा शाळेत बसला नाही. म्हणाला, ‘बाकावर पाय मावत नाहीत आता.’ आज त्याचं बरं चाललंय, विक्रमगडला गॅरेज आहे, बहिणीला दिवाळीला साडी पाठवतो. पण तो माझ्याहून हुशार होता, बाई. तुमच्या वर्गात तो अजून पोचलाच नव्हता, म्हणून तुम्हाला कळलं नाही.

आणि त्याच तुम्ही, दोन वर्षांनी, मी नाशिकला कॉलेजात निघाले तेव्हा पहिल्या वर्षाची फी पाकिटात घालून माझ्या हातात ठेवलीत. परत करायचं नाव काढलं तर ओरडलात. पैसे दिलेत, सही दिली नाहीत. हे मला कधीच समजलं नाही. माझ्या वडिलांनी शाळेची घंटा सव्वीस वर्षं दिली, एक दिवस मिनिटभर इकडे तिकडे नाही. ते हप्ता चुकवणार होते? त्या सहीचा तुम्हाला एक पैसाही पडला नसता. तुमच्याच हातचं खाऊन, तुमच्याच पाकिटावर शिकून, मी हे इतकी वर्षं मनात धरून बसले. भांडण ते एवढंच.

पण कालपासून माझी बाजू लंगडी झाली आहे. काल सोमवार. मधल्या सुट्टीआधी मी मुद्दाम स्वयंपाकघरात गेले. मावशी मोठ्या पातेल्यात डाळ घोटत होत्या.

‘मावशी, शनिवारी मी तो नियम सांगितला ना, तसा नियम नाहीये.’

‘म्हाईत हाय,’ त्या डाळीकडे बघतच म्हणाल्या. ‘पतपेढीच्या मिटिंगीला चहा दरवर्साला मीच देते. नियम वाचत्यात तवा तिथंच उभी असते, कप गोळा कराया.’

‘मग तेव्हाच का नाही बोललात?’

‘काय बोलू? तुमी दमलेल्या दिसल्या.’

 मी तिथल्याच पाटावर बसले. मावशींनी पळी पातेल्याच्या काठावर आपटली.

‘सही नसंल करायची तं नका करू, मॅडम. मी काय रागवनार नाय. पन नको म्हना. नियम नका सांगू.’

बाई, तुम्ही दमला होतात का? हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. पंधराव्या वर्षी आपल्याला वाटतं, शिक्षिका दमत नसतात, नुसत्या रागावतात. परक्या गावात एकट्या राहणाऱ्या, मागे पोरंबाळं नाहीत, पगार पुरा हातात. तुमच्या मागच्या दाराशी माझ्या वडिलांआधी किती जण फॉर्म घेऊन उभे राहिले असतील? आणि त्याही आधी कधीतरी तुम्ही एक सही केली असेल आणि ती वर्षानुवर्षं तुमच्या पगारातून गेली असेल. सख्ख्या भावाचं नाव तुम्ही उगाच घेतलं नसेल. हा माझा अंदाज, विचारायला आता कोणी नाही. पण पैसे दिले की दिले, विषय संपतो. सही दर महिन्याला तुमच्याबरोबर जागी राहते. हे मला माझ्या जामीनदारांच्या तोंडाकडे बघून बघून कळलंय. तरी एक मान्य करायला हवं. तुम्ही माझ्या वडिलांना तोंडावर ‘नाही’ म्हणालात. नियमाच्या मागे लपला नाहीत.

मी सही केली. उदार मनाने वगैरे नाही. त्या पाटावरून उठून सरळ ‘नको’ म्हणायचं बळ माझ्यात नव्हतं, तुमच्याइतकं. नुसतं एवढंच. मावशींनी कागदावर फुंकर मारली, तो फडताळात सगळ्यात वर ठेवला आणि मग विचारलं, ‘घरी इचारलंत ना, मॅडम?’

‘विचारलं,’ मी म्हणाले. तेवढं खरं होतं.

इथे तुमच्यावरचा राग गेला असं लिहिलं तर पत्र शोभून दिसेल. गेलेला नाही. भावाच्या हाताला ग्रीस लागलेलं दिसलं की तो येतोच. जरा मवाळ झाला आहे, इतकंच म्हणते.

तास संपत आला. हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्न नव्हताच. ठेवायचं कुठे हा आहे. घरी नेता येणार नाही, शाळेच्या कपाटातच वह्यांच्या खाली सारावं लागेल. आज सकाळी मोगऱ्याची छाटणी करताना ह्यांनीच विचारलं, ‘मावशींचं काय झालं गं मग?’ मी कात्री चालवत राहिले आणि म्हणाले, ‘त्यांना दुसरं कोणीतरी मिळालं.’