अकरा तासांचं दूध

प्रिय म्हणायची सोय राहिली नाही, म्हणून नुसतं तुला,

आज सकाळी विमानतळावर तुझी बॅग तपासायला माझ्याच टेबलावर आली. तुझ्या नवऱ्याने विचारलं, "ओळखीचे का गं हे?" तू म्हणालीस, "नाही." तिथेच माझं डोकं फिरलं. तुझ्यापायी कॉलेज अर्धवट सोडून मी या नोकरीला लागलो होतो.

बॅगेत दुधाच्या चार बाटल्या होत्या. तान्ह्या बाळाचं दूध नेता येतं, हे मला पाठ आहे. तरी म्हणालो, "एवढं चालणार नाही."

नवरा बाळाला घेऊन पुढे गेल्यावर तू हळूच म्हणालीस, "अरे, ती अंगावर पीत नाही. दोन दिवस काढून साठवलंय. राग माझ्यावर आहे ना? तिला अकरा तास विमानात काढायचेत."

मी एकेक झाकण उघडून सगळं दूध ओतून दिलं. पलीकडे तुझी लेक बापाच्या खांद्यावर मूठ चोखत होती.

नंतर साहेबांना खरं सांगितलं. म्हटलं, "विमानात निरोप द्या, बाळासाठी दूध बघा."

"ते उडालं रे बाबा. तक्रार आलेली नाही, कशाला पायावर धोंडा पाडून घेतोस?"

हे पत्र पाठवणार नाही. पाठवलं तर मला माफ करायचं की नाही, हे तुला ठरवत बसावं लागेल. आत्ता ती रडत असेल आणि आजूबाजूचे लोक तुलाच बोल लावत असतील.

नोकरीचं ओळखपत्र साहेबांच्या टेबलावर ठेवलंय, उद्यापासून येणार नाही. आता उठतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.

— दूध ओतणारा