पट्टीखालच्या चार ओळी

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे आता कुरकुरत नसतील अशी आशा. माझं हृदय ऑपरेशननंतर शहाण्यासारखं चालतंय (असं डॉक्टर म्हणतात, माझा हल्ली कोणाच्याच बोलण्यावर विश्वास नाही, कारण पुढे येतंय).

तू पाठवलेल्या तीन रहस्यकथांपैकी दोनच हाती आल्या. तुझी आवड मला ठाऊक आहे. तुझा खुनी आधी चहा विचारतो, मग अदबीने विष घालतो. मला रक्त लागतं. खून म्हटला की सतरंजी खराब व्हायलाच हवी. या वेळी तू मन मोठं केलंस, पहिल्याच पानावर कुऱ्हाड! पण एकेचाळिसाव्या पानावर बघते तर चार ओळींवर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवलेली. पुढे आणखी दोन. दुसऱ्या पुस्तकात पाच. माझ्या काळजाच्या नावाखाली कोणीतरी पुस्तकं मिळमिळीत करत होतं.

पहिला संशय अर्थात सूनबाईवर. ती माझं मीठ मोजते, जिन्याच्या पायऱ्या मोजते, खून का नाही मोजणार? पण तिने फोडलेलं पाकीट उंदराने कुरतडल्यासारखं दिसतं, आणि या पट्ट्या अगदी सरळ. मग (रागावू नकोस) तुझ्यावर आला. प्रत्येक पत्रात तब्येतीची इतकी चौकशी करणारी बाई कादंबरीत असती, तर मी तिला तिसऱ्या प्रकरणातच धरलं असतं. शिवाय एक गोष्ट जुळेना. विहिरीतलं धड, पोत्यातला हात, सगळं जसंच्या तसं. मग झाकलं तरी काय? याहून भयंकर काय असेल, या विचारानेच माझी नाडी वाढली.

परवा दुपारी तुझे मेहुणे गॅलरीत पाठमोरे बसलेले दिसले. मांडीवर तिसरं पुस्तक (जे 'अजून आलंच नाही'), हातात फूटपट्टी आणि ब्लेड. पस्तीस वर्षं नकाशे काढलेला माणूस, त्याची रेघ वाकडी जाईल कशाला? जन्मभर माझ्या पुस्तकांना रद्दी म्हणणारे हे, ओठ हलवत एकेक ओळ वाचत होते. मी तशीच मागे फिरले, किटली ठेवली आणि वाफेवर एकेचाळिसाव्या पानाची पट्टी सोडवली.

ताई, खाली रक्ताचा थेंब नव्हता. इन्स्पेक्टरची बायको ऑपरेशननंतर दवाखान्यात वारते. तो घरी येतो, सवयीने दोन कप काढतो आणि एक परत ठेवतो. एवढंच. बाकीच्याही सोडवल्या. प्रत्येकीखाली कोणाची ना कोणाची बायको आजारपणात गेलेली. (खून झालेल्या बायकांना यांनी हातही लावलेला नाही.)

मी स्टुलावर बसून खूप रडले. मग पट्ट्या होत्या तशा चिकटवल्या. एक जरा वाकडी बसली, तेव्हापासून हे माझ्याकडे संशयाने बघतात.

तुझीच,
धाकटी

ता. क. पुढचा गठ्ठा लवकर पाठव. रक्त कितीही सांडू दे, कुऱ्हाडी दोन असल्या तरी चालतील.

आणखी एक ता. क. पत्राचं खरं कारण हे. पाठवण्याआधी तू स्वतः वाच. कुठे म्हातारा नवरा आजारपणात जात असेल, तर तेवढ्या ओळी तूच झाकून टाक. कुऱ्हाड सोसते मला, ते नाही सोसायचं. आणि डिंक चांगला पक्का लाव. किटली माझ्या हाताशीच असते.