श्रीधरचं यकृत

प्रिय मृण्मयी,

गुरुवार, १२ मार्च, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. त्या वेळी इंदूरला डॉक्टरांनी तुझं पोट उघडलं आणि इथे उज्जैनला तुझी आई तुझ्यापुरती निर्धास्त होती. कारण परागरावांना यकृताचा तुकडा त्यांचा भाऊ श्रीधर देतोय, असं तूच सांगितलं होतंस.

खोटं बोलायचंच होतं, तर श्रीधरला पढवून तरी ठेवायचंस. काल तो दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढून आला. दोन प्लेट पोहे, वर शेव, वर जिलेबी. आयुष्यभर पोरींना जीवशास्त्र शिकवलंय मी. चार दिवसांपूर्वी यकृत कापून दिलेला माणूस जिलेबीवर असा तुटून पडत नाही.

मग त्याने कौतुकाने मोबाइलवर ऑपरेशनचा व्हिडिओ लावला. शिरेतून एक रंगद्रव्य सोडतात, ते खास कॅमेऱ्याखाली चमकतं. यकृताच्या एका बाजूचं रक्त थांबवलं की ती काळी राहते, दुसरी हिरवीगार उजळते. मधल्या रेघेवर कापायचं. पित्ताच्या नळ्याही उजळतात, म्हणजे देणाऱ्याला इजा होऊ नये. इतकं सुंदर हिरवं मी कधी पाहिलं नव्हतं. कुणाचं रे हे, म्हणून विचारलं, तर जिलेबी खाली ठेवून म्हणाला, "काकू, हे वहिनीचं आहे."

आईला टेन्शन नको, असं ठरलं होतं म्हणे. अगं, मला कॉन्व्हेंटच्या कडक शिस्तीत नन्सनी वाढवलंय, टेन्शनचं कौतुक मला सांगू नका. मी नाही म्हटलं असतं का? म्हटलं असतं. रडून, भांडून म्हटलं असतं. आणि मग तुझी बॅग भरून तुझ्याबरोबर आले असते.

फोन करत नाही, कारण फोनवर तू गोड बोलून कटवतेस. आणि लिहायचं कारण वेगळंच आहे. त्या सकाळी मी घरी अभिषेक ठेवला होता. गुरुजींनी संकल्पाला नावं विचारली. मी परागरावांचं सांगितलं आणि श्रीधरचं सांगितलं. तो तेव्हा हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये कचोरी खात असेल. तुझं नाव कुणी घेतलंच नाही, मृण्मयी. रविवारी गुरुजींना पुन्हा बोलावलंय. टाके कुठवर आहेत, काय दुखतं, झोप लागते का, सगळं खरं लिही. देवापुढे मोघम बोलायची मला सवय नाही. शनिवार, २१ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत तुझ्या हातचं लेखी उत्तर मला मिळालं पाहिजे. श्रीधरबरोबर पाठव, त्याची तब्येत ठणठणीत आहे.

तुझीच, अजून रागातली,
आई