दोन भागीदारांचं दुकान

४ फेब्रुवारी

चि. सौ. चिमणीस, अ. उ. आ.

पत्र मिळालं. धाकटीने पडलेला दात खिशात घालून शाळेत नेला हे वाचून एकटाच हसलो. इथे सगळं ठीक. भिंगं घासतो, चष्म्याच्या काड्यांचे स्क्रू पिळतो, सातला शटर ओढतो. तुझी वहिनी जाऊन चौदा महिने झाले, तरी गिऱ्हाइकाला पावतीसाठी मी अजून तिच्या टेबलाकडेच पाठवतो. मग ते रिकाम्या खुर्चीसमोर उभं राहतं आणि माझी पंचाईत होते.

एक कटकट उपटली आहे. करकचेरीचं पत्र आलंय. दुकानाच्या दोन्ही भागीदारांनी पंचवीस तारखेला ओळखपत्रासह हजर राहावं, नाहीतर नोंदणी रद्द. हे दुकान गेलं तर सकाळी उठून जायचं कुठे, हाच प्रश्न आहे. पण सीए गाठ म्हणून नेहमीचं टुमणं लावू नकोस. माझे कागद मी बघेन.

मुलांना पापे. माझी आठवण काढत जा.

तुझा,
दादा

९ फेब्रुवारी

ती. दादास, शि. सा. न.

कचेरी वहिनीला हजर राहायला सांगते? म्हणजे तू त्यांना अजून कळवलंच नाहीस? साऱ्या गावाला चष्मे लावतोस आणि स्वतःच्या नाकासमोरचं तुला दिसत नाही!

टुमणं लावणारच. ह्यांनीही बेकरीचे कागद तीन वर्षं स्वतः भरले. त्यापायी डोक्यावरचे केस गेले, दंड झाला तो वेगळाच. सीए ठेवल्यापासून घरात शांतता आहे. कुठला कागद कधी द्यायचा ते त्यांना ठाऊक, साहेबांशी बोलायचं तेही तेच बोलतात. त्यांची फी म्हणजे त्या दंडापुढे काहीच नाही. शिवाय ते घरचे नसतात, त्यांना खरं सांगताना जीभ अडखळत नाही. तू मला काहीतरी सांगत नाहीयेस, एवढं मला कळतं. मला नको, निदान त्यांना सांग.

तुझ्या काळजीने माझं कामात लक्ष नाही. रागावलास तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
चिमणी

२६ फेब्रुवारी

चि. सौ. चिमणीस, अ. उ. आ.

तुझं ऐकलं. एक सीएबाई दुकानात आल्या. आधी मी त्यांच्या चष्म्याची सैल काडी घट्ट करून दिली. खरं सांगणं तेवढंच लांबलं.

आता तुलाही सांगतो. दर तिमाहीच्या फॉर्मवर दोन सह्या लागतात. ती गेल्यावरही दोन्ही मीच करत आलो. कोणाला फसवायचं नव्हतं गं. तिचा रकाना कोरा सोडवेना. तिच्यासारखं शेवटच्या अक्षराला लांब शेपूट काढलं की तेवढ्यापुरती ती टेबलाशी असल्यासारखी वाटायची.

मला वाटलं, बाई बॅग उचलून जातील. त्यांनी सगळे कागद तपासले आणि म्हणाल्या की कर तुम्ही पैन्‌पै भरला आहे, तेव्हा आपणहून कबूल करू. दंड होईल, पण दुकान राहील. अर्जात ‘भागीदार मयत’ असं लिहायचं होतं. मला ते लिहवेना, म्हणून त्यांनी लिहिलं. मी फक्त खाली सही करायची. पेन टेकवलं आणि हातून तिचीच सही झाली. फॉर्म वाया गेला. दुसऱ्यावरही तेच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी तिसरा काढला आणि सगळा मजकूर पुन्हा लिहायला घेतला. सहा फॉर्म आणले होते त्यांनी. म्हणाल्या, अशा कामाला एक कधीच पुरत नाही.

चौथ्यावर माझं नाव उमटलं.

काल त्या कचेरीतही सोबत आल्या. साहेबांशी त्याच बोलल्या, मी दंड भरला. साहेबांनी नवा दाखला हातात दिला. त्यावर लिहिलं होतं, मालक : एक. ते वाचलं आणि चिमणे, मी तिथेच, भर कचेरीत रडलो. ती गेली त्या दिवशी माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, तू बघितलं आहेस. साहेबांनी पाणी मागवलं. बाहेर माणसं ताटकळली होती, तरी बाई घड्याळाकडे न बघता शेजारी बसून राहिल्या.

लोभ आहे तसा असू दे. आता तो मला जास्त लागेल.

तुझा,
दादा