तव्यासमोरच्या खुर्च्या

ता. ३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
ठमीचा सा. न. वि. वि.

तू विणलेला स्वेटर पोचला. बाह्या गुडघ्यांपर्यंत येतात, पण ऊब झकास आहे. लग्नाची तारीख ठरली. पुढच्या महिन्याच्या अखेरीस कचेरीत सह्या, आणि मग दोन्हीकडच्या माणसांचं एकत्र जेवण.

आता रडगाणं. बाबा म्हणतात, सहीला येईन, जेवायला बसणार नाही. झटका आल्यापासून उजवा हात रुसलाय, डाव्या हाताने जेवतात, थोडं सांडतं. सांडण्याचं त्यांना काही नाही गं, आपल्या बघण्याचं आहे. तू आली होतीस तेव्हाचं आठव. त्यांनी चमचा उचलला की आपण सगळे जेवण थांबवून टक लावून बसायचो, आणि तो तोंडापर्यंत पोचल्यावर दादा चक्क शाब्बास म्हणाला होता! तेव्हापासून ताट घेऊन खोलीत जातात आणि दार लावून घेतात. माझ्या लग्नात बाबा दाराआड जेवणार असतील तर मला ते जेवणच नको. काहीतरी सुचव ना.

तुझी माया अशीच बाह्यांसारखी लांबत राहो.
तुझी ठमी

ता. ११ फेब्रुवारी

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

बाह्या दुमडून घाल, नखरे करू नकोस. तुझ्या दादाचा कान मी आल्यावर पिळणार आहे. पण चूक सगळ्यांचीच झाली. मी तर भरवू का म्हणून विचारलं होतं. केवढा चिडला होता!

तुझा बाप जन्मभर भर बाजारात शिडीवर चढून दुकानांच्या पाट्या रंगवत आला. खाली ही गर्दी जमायची, त्याला ढिम्म फरक पडायचा नाही, कारण लोक पाठीमागे असायचे. समोर बसून कुणी न्याहाळलं की मात्र लहानपणापासून त्याचा जीव गोळा होतो. शाळेच्या एकाही फोटोत त्याचं तोंड धड दिसत नाही. आणि तुमच्या घरात ते गोल टेबल! बसेल तिथे समोर कुणीतरी आहेच. त्याला अशा जागी ने जिथे समोर बघणारं कुणी नसेल. अशी जागा कुठे असते ते मात्र मला विचारू नकोस.

पाठीचं दुखणं बरं आहे. आठवण ठेव, आणि पत्र लिहायला आळस करू नकोस.
तुझी आत्या

ता. २३ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

आत्या, तू थोर आहेस! पत्र वाचलं आणि माझ्या डोक्यात एकदम दिवा लागला. आमच्या ऑफिसमागच्या गल्लीत तेपान्याकीचं जपानी हॉटेल आहे. हे औषधाचं नाव नव्हे. लांबलचक काउंटर, त्याला जोडून मोठा सपाट लोखंडी तवा, पलीकडे स्वयंपाकी. तो तुमच्यासमोर रांधतो आणि गरमागरम तुमच्या ताटात सरकवतो. गिऱ्हाइकं सगळी एका रांगेत, बसमध्ये बसल्यासारखी, आणि सगळ्यांचे डोळे तव्यावर.

जेवायला चला म्हटलं असतं तर बाबा हललेच नसते. म्हणून म्हटलं, दारावर हाताने रंगवलेली पाटी आहे, बघायला चला. पाटीखाली उभं राहून तिची यथेच्छ चिरफाड केली, अक्षरं दारू प्यायल्यासारखी कललीत म्हणाले. तोवर आतून लसणाचा वास आला. आलोच आहोत तर बसू, असं तेच म्हणाले!

कोलंबी आली, अळंबी आली, लोण्यात परतलेला कोबी आला. मी शपथ घेऊन तव्याकडेच बघत होते. शेजारच्या टायवाल्याची कोलंबी काड्यांमधून निसटून त्याच्याच मांडीवर पडली, कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग स्वयंपाक्याने ऐटीत अंडं उडवलं, टोपीत झेलायला गेला, आणि ते फुटलं थेट त्याच्या कपाळावर. सगळी रांग हसली. सगळ्यात मोठ्याने बाबा! किती महिन्यांनी ऐकलं मी ते हसू. मला रडूच आलं, पण कांद्याच्या नावावर खपवलं. त्यानंतर त्यांनी भात पुन्हा मागून घेतला.

लग्नाचं अजून विचारलेलं नाही. धीर होत नाही. त्या दिवशी त्यांची खुर्ची कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून ठेवीन म्हणते.

माया आहेच, पण धीरही पाठव.
तुझी ठमी

ता. २ मार्च

ती. अक्कास,
धाकट्याचा सा. न.

हे अक्षर डाव्या हाताचं आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घे.

मला तिथे का बसवलं ते कळलं नाही असं ठमीला वाटतं. वाटू दे बापडीला. इतका वेळ तव्याकडे एकटक बघणारी पोर मी पहिल्यांदाच पाहिली. बिचारीचं स्वतःचं ताट गार झालं.

पण अक्का, मला त्या स्वयंपाक्याचं फार वाटलं. आम्ही सगळे रांगेने त्याच्याकडे बघत होतो. त्याला पाठ फिरवायला जागाच नव्हती. अंडं कपाळावर फुटलं तेव्हा सगळ्यात मोठ्याने मीच हसलो. तो गडीही हसला, फडक्याने कपाळ पुसलं, आणि आमच्याकडे बघत बघतच दुसरं अंडं उचललं. तेही चुकलं असतं तर त्याने तिसरं घेतलं असतं. मी मात्र एका शाब्बासकीवरून दार लावून बसलोय.

काल ठमीने भीत भीत कोपऱ्यातल्या खुर्चीचं काढलं. म्हटलं, ती तुझ्या दादाला दे. मी मधे बसणार, सगळ्यांबरोबर, आणि माझ्यासमोर अक्का हवी. सांडलं तर खुशाल बघ. भरवायला मात्र उठू नकोस.

लोभ तर आहेच, येताना भूक घेऊन ये.
तुझा धाकटा