वीस सेकंद पुरेत

४ मार्च
आजपासून रोजनिशी. हातून मोठं काम होतंय, नोंद राहिलेली बरी. ऑफिससमोर माझा पार्किंग मीटर उभा राहिला. गाडीचा नंबर टाका, पावती घ्या. शेंबडं पोरही करील. नंबर वीस सेकंदांत टाकला नाही, तर पुन्हा पहिल्यापासून. ही कल्पना माझी. लोकांना शिस्त लागते.

६ मार्च
साहेबांचं नवं खूळ. कुणा दिव्यांग व्यक्तीने मीटर वापरून पसंतीची सही दिली, तरच तो शहरभर लागणार. त्यात काय? ताई कुबड्यांवर चालते. गाडी माझ्यापेक्षा बरी चालवते, असं तिचं मत. सही घरचीच.

७ मार्च
सही नाही. म्हणे कुबडी सावरून एका हाताने नंबर टाकेपर्यंत मीटर तिला हाकलून देतो. मी म्हटलं, सवयीने जमेल. ती म्हणाली, मग सवय मीटरला लाव. सख्खी बहीण आणि घरभेदी!

१० मार्च
सुधारणा केली. मीटरवर ठळक अक्षरांत ‘त्वरा करा’. ज्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठी ‘लवकर, लवकर’ असा आवाज. आणखी काय हवं? ताईने कपाळाला हात लावला. सेकंद वाढवणार नाही. मोडेन पण वाकणार नाही.

१२ मार्च
उद्या साहेबांना मीच वापरून दाखवणार. रोज ऑफिसची जीप असते, त्यामुळे आजवर वेळच आली नाही. बायको म्हणाली, आधी एकदा करून बघा. सुताराने स्वतःच्या खुर्चीत बसायचा सराव करायचा का?

१३ मार्च, दुपार
मीटरने माझ्या गाडीचा नंबर विचारला. आठवेना. पळत गाडीपाशी गेलो, वाचून आलो. मीटर पुन्हा पहिल्यापासून. मग तळहातावर लिहिला. घामाने पुसला. मीटर ‘लवकर, लवकर’ करत होता. नंतर साहेबही. ताई बघत होती. हसली नाही, तेच जास्त लागलं.

१५ मार्च
वीस सेकंद रद्द. मीटर आता माणसासाठी थांबणार. सल्लागार ताई. आदेशावर माझीही सही घेतली. निषेध म्हणून वाकडी केली.

२४ मार्च
जीप बंद, स्वतःची गाडी नेली. मीटरपाशी ताई. कुबडीवर रेलून तिने सावकाश नंबर टाकला. मीटर गपगुमान थांबला. मूळ कल्पना माझीच, हे मी तिला ऐकवलं. ती हो म्हणाली आणि पावती माझ्याच हातात ठेवली. वर माझ्या गाडीचा नंबर होता.
“काचेमागे ठेव,” म्हणाली, “आणि तेवढा पाठ कर.”